बडोद्याहून नाशिकच्या वायनरीला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीचे तिळगूळ संपत आले की माझ्या फोनवर ठरावीक प्रश्न यायला लागतात. दांडिया बाजार, राजमहल रोड, कारेलीबाग इथली आम्ही आठ-दहा मंडळी दर फेब्रुवारीत नाशिकला द्राक्षबागा आणि वायनरी बघायला जातो, हे एव्हाना सगळ्या नातेवाइकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळलंय. मी ट्रॅव्हल एजंट नाही आणि वकील तर नाहीच. पण तीच उत्तरं चाळीस वेळा टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलेली बरी. निम्मे प्रश्न वाइनचे असतात आणि निम्मे परतीच्या रस्त्याचे. त्यातले दुसरे जास्त महत्त्वाचे आहेत, म्हणून १४ ते २० हे प्रश्न निघण्याआधी वाचाच.

१. वायनरी बघायला बडोद्याहून थेट नाशिकलाच का जायचं?

कारण वाइनचं पीक आणि कारखाना एकाच जागी बघायचं आपल्याला सोयीचं ठिकाण तेच. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगली थंडी, त्यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. खायच्या द्राक्षांची शेती तिथं जुनीच. वाइनला खरा जोर आला तो महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणल्यावर. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला शाम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाइन होत होती, पण 'वायनरी बघायला जाणं' हा प्रकार नाशिकनं रुजवला. सुला या वायनरीनं २००५ मध्ये टेस्टिंग रूम (वाइन चाखायची खोली) उघडली, तेव्हापासून.

आणि बडोदेकरांनी नाशिकला परकं समजायचं कारण नाही. आपले सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे.

२. आम्ही गुजरातचे रहिवासी. महाराष्ट्रात वाइन चाखली तर तो गुन्हा होतो का?

नाही. दारूबंदीचा कायदा जागेला लागतो, आधार कार्डावरच्या पत्त्याला नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, इतकंच. (कडक दारूला तिथं २५ लागतात. वाइनची अट वेगळी आहे.) ओळखपत्र जवळ ठेवा. पांढरे केस असतील तर कोणी विचारत नाही, पण आमच्यातल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीला दर वेळी दाखवावं लागतं.

गंमत म्हणजे दोन्ही राज्यांतल्या कायद्यांचं मूळ एकच: जुन्या मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि एकाच कायद्याची दोन लेकरं दोन वळणांनी वाढली. आपल्याकडच्या लेकराचं नाव २०११ मध्ये 'गुजरात दारूबंदी कायदा' झालं. ते वळणाला जास्त कडक आहे, हे प्रश्न १४ मध्ये कळेलच.

३. कोणत्या महिन्यात जावं?

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. वाइनच्या द्राक्षांची तोड तेव्हा चालू असते. युरोपात वाइनची द्राक्षं साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काढतात, आपल्याकडे ऐन हिवाळ्यात. त्याचं कारण दोन छाटण्या. एप्रिलमधली खरड छाटणी वेलीला नवी काडी देते, आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी फळ देते. म्हणून दिवाळीत गेलात तर नुसत्या बोडक्या काड्या किंवा कोवळी पालवी दिसेल. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, गंगापूर धरण भरलेलं असतं, फोटो छान येतात, पण घड नसतात. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, उन्हात बाग बघवत नाही.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी उसळते. मंगळवार ते गुरुवार उत्तम. त्या वारांना तुम्हाला फिरवणाऱ्या माणसाकडे बोलायला वेळ असतो, आणि टूरचा निम्मा आनंद त्या बोलण्यातच आहे.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस ड्राय डे असतात. २६ जानेवारीची सुट्टी जोडून जायचा बेत बडोद्यात दर वर्षी कोणीतरी करतंच, म्हणून मुद्दाम लिहिलं. शिवाय २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. पर्वण्यांच्या दिवसांत वाइनसाठी त्या शहरात शिरायचा विचारही करू नका.

४. जायचं कसं? एका दिवसात जमतं का?

एका दिवसात जमत नाही, आणि जमवूही नका. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, गाडीनं आठ तास धरा. आमचा रस्ता ठरलेला: भरूच, सुरत, चिखली, वांसदा, वघई, सापुतारा. घाट चढून महाराष्ट्रात शिरलं की हतगड, बोरगाव, वणी, दिंडोरी आणि नाशिक. मुंबईकडून जाण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी देखणा. वणीच्या पुढं दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू होतात.

रेल्वेनं जायचं तर बोरिवली किंवा दादरला उतरून मध्य रेल्वेची नाशिक रोडची गाडी. सामान आणि म्हातारी माणसं असतील तर त्रासाचं आहे. नाशिक रोड स्टेशन शहरापासून लांब, आणि वायनरी शहराच्या पलीकडच्या टोकाला.

किमान दोन रात्री राहा. का, ते प्रश्न १८ मध्ये.

५. वायनरी पुष्कळ आहेत म्हणतात. कोणत्या बघाव्यात?

दिवसाला दोन, त्याहून जास्त नको. तिसरीत जीभ काही सांगत नाही आणि कानही ऐकत नाहीत.

पहिल्यांदा जात असाल तर गंगापूर धरणाची बाजू धरा. सुला तिथंच, गंगापूर-सावरगाव रस्त्यालगत आहे. जवळच यॉर्क आहे (२०२१ पासून तीही सुलाकडेच), आणि गंगावऱ्हेला सोमा. एक मोठी आणि एक लहान अशी जोडी लावा. मोठ्या ठिकाणी यंत्रं आणि व्यवस्था बघायला मिळते, लहान ठिकाणी माणसं भेटतात. दुसऱ्या खेपेला इगतपुरी तालुक्यात जा, तिकडे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. डोंगर आणि धरणाच्या पाण्याच्या कुशीतली ती बाजू मला जास्त आवडते, गर्दीही कमी. दिंडोरीला फसफसणारी वाइन करणारी शांदोन आहे, निफाडकडे रेव्हेलो, आणि विंचूरला तर सरकारनं वाइन पार्कच काढलं. लहान ठिकाणी आधी फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. फाटकावरून परत यावं लागतं.

६. टूरमध्ये नेमकं काय दाखवतात?

साधारण पाऊण तासाचा फेरफटका असतो. आधी बाग, मग द्राक्षं उतरवून देठ वेगळे करायचं यंत्र, दाबयंत्र, स्टीलच्या उंच टाक्या, ओकची पिंपं असलेली थंड खोली आणि शेवटी टेस्टिंग.

लक्ष द्यायची जागा एकच: टाक्या. पांढऱ्या वाइनचा रस आधी पिळून घेतात आणि सालीशिवाय, थंड ठेवून, सावकाश आंबवतात. लाल वाइन सालीसकट आंबते, त्यामुळे रंग येतो आणि तुरटपणाही. काळ्या द्राक्षाचा गरसुद्धा आतून पांढराच असतो. एक मणी दाबून बघा, पटेल. गुलाबी वाइनमध्ये साल काही तासच ठेवतात आणि काढून टाकतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. इतकीच सगळी किमया.

फेब्रुवारीत गेलात आणि माणूस भला भेटला तर चालू टाकीचा नळ उघडून अर्धवट आंबलेला रस चाखायला देतो. गढूळ, जिभेवर चुरचुरणारा, गोड. आमच्या आत्यानं एक घोट घेऊन सांगितलं, "ही तर नीरा!" आणि ते अगदी खोटं नव्हतं.

पिंपांच्या खोलीत शाल न्या. एक पिंप २२५ लिटरचं असतं, लाकूड बाहेरच्या देशातून येतं, आणि काही वर्षं वापरलं की त्याचा स्वाद संपतो. लाल वाइन महाग का, याचं एक उत्तर त्या खोलीतच मिळतं.

७. टेस्टिंगला काय करायचं? चारचौघांत हसं व्हायला नको.

हसं होत नाही. तिथल्या मुलांना रोज शंभर नवखी माणसं भेटतात. तरी क्रम सांगते.

ग्लास पोटाला धरू नका, दांडीला धरा. हाताची ऊब वाइनला लागते. ग्लासमागं पांढरा कागद धरून रंग बघा. मग टेबलावर ठेवूनच ग्लास गोल फिरवा, हवेत फिरवलात तर साडीवर सांडेल. आणि नाक आत घाला. खरं काम इथं आहे. वासाला नाव द्यायची घाई करू नका, 'कशासारखा' एवढंच विचारा. गाइड म्हणेल पॅशनफ्रूट, गूजबेरी. आपण कोणी गूजबेरी खाल्लेली नसते. वाइनला बहुधा द्राक्षाच्या जातीचंच नाव असतं. माझ्या नाकाला सॉव्हिन्यॉन ब्लां (पांढरी) म्हणजे कापलेला हिरवा पेरू आणि ओलं गवत. शेनिन ब्लांमध्ये (हीही पांढरी) पिकलेलं केळं आणि मध. शिराझमध्ये (ही लाल) जांभूळ, आणि मागून मिरपूड. तुम्हाला कोकमाचं आगळ आठवलं तर तेच बरोबर.

मग लहान घोट, तोंडभर फिरवून. आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं, तुरटपणा हिरड्यांना कळतो, आणि अल्कोहोल घशात गरम लागतं.

चार ते सहा प्रकार देतात, प्रत्येकी साधारण ३० मिलिलिटर. आधी फसफसणारी, मग पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. हा क्रम मोडू नका. गोडानंतर बाकी सगळं आंबटढाण लागतं, पेढ्यावर चहा घेतल्यासारखं. त्या दिवशी अत्तर लावू नका आणि तासभर आधी पान-मसाला खाऊ नका. शेजारच्याचं नाकही तुमच्या अत्तरानं मरतं.

८. घोट घेऊन थुंकतात म्हणे. किळसवाणं नाही का?

आपल्या पणजोबांच्या बैठकीत पिकदाणी होती ना? तीच ही. टेबलावर एक भांडं असतं, त्यात थुंकायचं किंवा उरलेली ओतून द्यायची. अन्न टाकल्यासारखं वाटून आपली माणसं मुकाट्यानं सगळं संपवतात आणि तिसऱ्या ग्लासानंतर विनाकारण हसायला लागतात. ओतून देण्यात अपमान नाही. चव घ्यायला पाव घोट पुरतो.

९. वाइन होते ती आपण खातो तीच द्राक्षं का?

नाही, आणि बागेत गेल्यावर ही चूक सगळ्यात आधी सुधारते. हातगाडीवरची थॉम्पसन किंवा सोनाका मोठी, कुरकुरीत, पातळ सालीची आणि बिनबियांची असतात. वाइनची द्राक्षं वाटाण्याएवढी, जाड सालीची, बी असलेली. आणि जास्त गोड. खायच्या द्राक्षात साखर १६ ते १८ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) असली तरी खुशीनं विकतात, वाइनला २२ ते २४ लागते. बागवाल्याला विचारून एक मणी तोंडात टाका. गोड लागेल, मग साल चावताना तुरट, मग दातांत बी. एका बाटलीला साधारण किलोभर द्राक्षं लागतात.

न विचारता घड तोडू नका. तोडीच्या दिवसांत शेतकऱ्याचं वर्ष त्या घडात लटकलेलं असतं.

१०. रेड वाइनचा घोट घेतला की तोंड ओढल्यासारखं होतं. खराब असते का?

बहुतेक वेळा नाही. सालीतल्या आणि बियांतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तसं होतं. कच्चं केळं, जास्त उकळलेला चहा, चिकणी सुपारी ही सगळी त्याच कुळातली. दोन काजू किंवा चीजचा तुकडा खाऊन परत घोट घ्या, टोक बोथट होतं. तरी नाही आवडली तर सरळ गोड वाइन मागा. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां म्हणून मिळते: द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर आटवून केलेली. जाणकार नाक मुरडतात, मुरडू देत. आपण श्रीखंड-पुरीवाले लोक.

वाइन खरोखर खराब असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो. तसं वाटलं तर सांगा, दुसरी बाटली उघडतात.

११. वाइन शाकाहारी असते का?

हा प्रश्न बडोद्यातून जितका येतो तितका कुठूनही येत नसेल. द्राक्षं आणि यीस्ट, इथपर्यंत शाकाहारीच. अडचण येते ती वाइन नितळ करताना. गढूळपणा खाली बसवायला जगभर अंड्यातला पांढरा भाग, माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ, जिलेटिन किंवा दुधातलं केसीन वापरायची जुनी पद्धत आहे. हे पदार्थ तळाशी बसतात आणि गाळले जातात, पण वापरलेले असतात. दुसरा पर्याय बेंटोनाइट या मातीचा, तो निखालस शाकाहारी. तेव्हा बाटलीवर हिरवा ठिपका बघा आणि गाइडला स्पष्ट विचारा: "नितळायला काय वापरता?" लहान वायनरीत याचं उत्तर पटकन मिळतं. आंबवलेलं काहीच न चालणाऱ्या जैन मित्रांना मात्र हे उत्तर लागू नाही, त्यांनी प्रश्न १२ मधला द्राक्षरस घ्यावा.

१२. घरात कोणीच पीत नाही, लहान मुलंही आहेत. आमचा तिथं काय उपयोग?

माझ्या आईनं आयुष्यात थेंब घेतला नाही आणि ती चार वेळा आली आहे. टूर घेऊन टेस्टिंग सोडता येतं. द्राक्षरस मिळतो, जेवायची सोय असते. मुलांना बाग, मोकळी हवा आणि हंगामात कुठं कुठं लाकडी टबात द्राक्षं तुडवायचा खेळ. (त्या द्राक्षांची वाइन करत नाहीत, काळजी नको.) टेस्टिंगच्या टेबलावर मात्र मुलांना घेत नाहीत. आधी विचारून ठेवा, नाहीतर एका पालकाला बाहेर बसावं लागतं आणि मग दिवसभर ते ऐकावं लागतं.

१३. सोबत खायला काय न्यावं?

ही माझी आवडती गोष्ट. घरचा लीलो चेवडो. थोडा ओलसर, गोड-आंबट-तिखट, बटाट्याची सळी आणि चणाडाळ. हॉटेलच्या गॅलरीत संध्याकाळी थंड शेनिन ब्लां आणि स्टीलच्या डब्यातला लीलो चेवडो. पहिल्या घोटाला वाइन साधी वाटली होती. दोन चिमटी चेवडा खाल्ला, परत घोट घेतला, आणि मिरचीच्या चटक्यावर मधाची चव उघडली. चेवड्यातलं लिंबू आणि वाइनचा आंबटपणा जुळतात, थोडीशी साखर तिखट सावरते. तिखटाला किंचित गोडसर पांढरी वाइन धरायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तिखटावर रेड घेतली की दोन्ही भांडतात. शेव-उसळ आणि शिराझ हा प्रयोग आम्ही केला आहे, तुम्ही करू नका.

वायनरीच्या आवारात बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून डबा हॉटेलवर. नाशिकची मिसळ सकाळी खा, टेस्टिंगच्या आधी दोन तास तरी. आणि उपाशी पोटी टेस्टिंगला बसू नका.

१४. एकच बाटली, सीलबंद, बिलासकट, सामानात नीट गुंडाळून आणली तर?

नाही.

तरी लोक विचारतात म्हणून सविस्तर. बिल असणं म्हणजे परवानगी असणं नव्हे. ते बिल महाराष्ट्रातल्या खरेदीचं. परवान्याशिवाय दारू गुजरातेत आणणं, बाळगणं, वाहून नेणं हा गुन्हा, आणि कायद्याच्या नजरेत वाइन ही दारूच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अवैध वाहतुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. गाडी जप्त होते ते वेगळंच. सापुताऱ्याला तपासणी होते, आणि महाराष्ट्राकडून येणारी जीजे ०६ नंबरची, म्हणजे बडोद्याची गाडी, आत दमलेली-हसरी माणसं, हे चित्र पोलिसांना नवीन नाही.

आमच्याकडेही घडलंय. तीन वर्षांपूर्वी परतताना वणीला चहाला थांबलो. कोणाची तरी शाल काढायला डिकी उघडली, तर काकांच्या स्वेटरच्या गुंडाळीत दोन बाटल्या. व्याह्यांना भेट द्यायला घेतलेल्या, आम्हाला न सांगता. सात माणसं, एक गाडी आणि चाळीस किलोमीटरवर सीमा. काका म्हणे, "कोण बघतंय?" मावशी त्यांच्याशी बडोद्यापर्यंत बोलली नाही. शेवटी नाशिकच्या मावसभावाला फोन केला, उलटे दिंडोरीपर्यंत गेलो, आणि तो स्कूटरवरून येऊन बाटल्या घेऊन गेला. आता दर फेब्रुवारीत त्याचा मेसेज येतो: "यंदा काही सापडलं का?"

तेव्हापासून नियम: निघायच्या सकाळी सगळ्यांच्या बॅगा सगळ्यांसमोर भरायच्या. उघडलेली बाटली उरली तर नाशिकच्या नातेवाइकाला.

१५. माझ्याकडे गुजरातचं हेल्थ परमिट आहे. मग तरी आणता येईल ना?

हेल्थ परमिट म्हणजे ठरलेल्या प्रमाणात, गुजरातेतल्या परवानाधारक दुकानातून घेण्याची मुभा. नाशिकला घेतलेली बाटली त्यात बसत नाही. परमिट दाखवून सुटू, या भरवशावर राहू नका. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत २०२३ च्या अखेरीस दारू पिण्यासाठी दिलेली सवलतही त्या आवारापुरतीच आहे, तिचा तुमच्या डिकीशी संबंध नाही.

१६. बहीण पुण्याला असते, ती माहेरी येताना आणू शकते? किंवा आम्ही नाशिकहून पुढं उदयपूरला जाणार असू तर? की कुरिअर करू?

तिन्हींना प्रश्न १४ चंच उत्तर. पुण्याचा पत्ता असला तरी सीमा ओलांडली की गुजरातचा कायदा. बाहेरच्या पाहुण्यांसाठी तात्पुरतं परमिट मिळतं, पण ते आधी काढायचं असतं आणि त्याच्या अटी असतात. 'वाटेत पकडलं तर काढू' असं ते नसतं. उदयपूरला जाताना गुजरात नुसती ओलांडायची असली तरी डिकीतली बाटली तितका वेळ गुजरातेतच असते. आणि कुरिअर म्हणजे स्वतःच्या नावपत्त्यासकट पुरावा पाठवणं.

१७. रिकामी बाटली, बूच, वाइन व्हिनेगर, वाइन घातलेलं चॉकलेट यातलं काय चालतं?

बूच आणा, लेबल आणा, ग्लास आणा, बूच काढायचा स्क्रू आणा. व्हिनेगर म्हणजे स्वयंपाकाचं सामान, त्यात अडचण नाही. रिकामी बाटली मी आणत नाही. तळाशी दोन थेंब आणि वास असतो, आणि रात्री अकरा वाजता चेकपोस्टवर 'यात मनीप्लँट लावणार आहे' हे समजावत बसायची हौस मला नाही. फारच हवी असेल तर हॉटेलवर धुऊन, वाळवून, बूच न लावता. आत दारू भरलेलं चॉकलेट नकोच.

१८. बाटली नाही आणली, पण पिऊन सीमा ओलांडली तर?

हेही नको. गुजरातच्या कायद्यात रक्त तपासणीची तरतूद आहे आणि ०.०५ टक्क्यांवर प्रमाण गेलं की खुलासा देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ३१ डिसेंबरच्या आसपास दमण आणि महाराष्ट्राच्या सीमांवर फुंकर मारायची यंत्रं घेऊन पोलीस उभे असतात, हे दर वर्षीच्या वर्तमानपत्रात वाचतोच.

हिशोब असा. ३० मिलिलिटरचे पाच नमुने म्हणजे १५० मिलिलिटर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम बाहेर टाकतं. दोन-अडीच तासांत संपायला हवं, पण वजन, वय, औषधं, जेवण यानं फरक पडतो. म्हणून आम्ही शेवटचा घोट आदल्या दिवशी घेतो. मधली रात्र नाशिकला, सकाळी मिसळ, मग परत. दोन रात्रींचा आग्रह त्यासाठीच.

१९. गाडी कोण चालवणार?

जो चाखणार नाही तो. किंवा ड्रायव्हर घ्या. महाराष्ट्रातही दारू पिऊन गाडी चालवण्याला माफी नाही: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'मी थुंकलो होतो' हे उत्तर पोलिसाला द्यायची वेळ येऊ देऊ नका. ज्याची चालवायची पाळी असेल त्याला आम्ही लीलो चेवड्याचा पहिला वाटा देतो. मोबदला कमी आहे, मान्य.

२०. त्यापेक्षा घरीच द्राक्षं आंबवून वाइन केली तर? आणि द्राक्षासव औषधाच्या दुकानात कसं मिळतं?

घरी करणं गुजरातेत बेकायदा आहे. 'फक्त घरच्यांसाठी' ही सवलत त्यात नाही. इंटरनेटवर बरणी, साखर आणि यीस्टच्या कृती भरपूर आहेत, त्या बघून सोडून द्या.

द्राक्षासवाचं निराळं. ते आयुर्वेदिक औषध. आसव-अरिष्टांमध्ये धायटीची फुलं घालून आंबवतात, त्यात अल्कोहोल आपोआप तयार होतं, बाहेरून घालत नाहीत. आजीच्या कपाटातली ती तपकिरी बाटली आणि शिराझ ही लांबची भावंडं आहेत, यात शंका नाही. पण औषध हे वैद्यानं सांगितलेल्या मापानं, जेवणानंतर, पाणी घालून. ग्लास फिरवून नव्हे.

२१. सप्तशृंगीचं दर्शन आणि वायनरी एकाच फेरीत केली तर चालेल का?

वाट तिथूनच जाते, त्यामुळे बहुतेक जण करतात. आमचा क्रम: जाताना गड, नंतर वाइन. येताना गड ठेवला तर आईचा चेहरा बघवत नाही, एवढंच माझं धर्मशास्त्र.

२२. मग घरी आणायचं तरी काय?

बेदाणे आणि द्राक्षं. वणी-दिंडोरी रस्त्यावर फेब्रुवारीत बागेच्या तोंडाशीच पेट्या मिळतात. देठ हिरवा आणि ताठ बघा. तपकिरी झाला असेल तर माल कालचा. मण्यांवरची पांढरट लव पुसू नका, ती ताजेपणाची खूण आहे. धुवायचं ते घरी आल्यावर. पेटी डिकीत ठेवू नका, सुरतपर्यंत उकडून निघते. मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत. हतगडच्या आसपास स्ट्रॉबेरी मिळते, ती सगळ्यात शेवटी घ्या आणि मांडीवर धरा. आमच्या गाडीत ते काम काकांकडे आहे. हात गुंतलेले राहतात.